विंचवाचे बिऱ्हाड चाळीस फुटांचे

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ असे आपण ज्याच्याविषयी म्हणतो, त्याच्याबद्दल आपल्या मनात थोडीशी कीव असते. दर तीन वर्षांनी बदली होणारा कारकून, गावोगाव कनात लावणारा तमाशाचा फड, घोड्याच्या पाठीवर संसार बांधून मेंढरांमागे चालणारा धनगर, यांना एका जागी राहणे लाभले नाही म्हणून त्यांनी घर पाठीवर घेतले, अशी आपली समजूत. अमेरिकेत याच्या अगदी उलट प्रकार पाहावयास मिळतो. आयुष्यभर नोकरी करून, घराचे कर्ज फेडून, मुलांना मार्गी लावून साठी ओलांडलेले एखादे जोडपे एके दिवशी ते घर विकते किंवा त्याला कुलूप घालते आणि चाळीस फूट लांबीच्या मोटारीत बिऱ्हाड थाटून आपखुषीने वाटेला लागते. या मोटारीत निजावयास पलंग असतो, स्वयंपाकाची शेगडी असते, न्हाणीघर असते, शीतपेटी असते. आणि बसल्या जागेवरून पुढच्या काचेतून दिसते ते अंगण रोज निराळे असते. तेथे या वाहनाला मोटारहोम म्हणतात. मराठीत त्याला मोटारगृह म्हणावयास हरकत नाही.

ही कल्पना आजकालची नव्हे. १९१५ साली रोलंड काँकलिन या बस बनविणाऱ्या गृहस्थांनी पंचवीस फूट लांबीची आणि सुमारे आठ टन वजनाची एक ‘जिप्सी व्हॅन’ तयार करविली आणि कुटुंबासह न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडहून थेट सान फ्रान्सिस्कोपर्यंत प्रवास केला. तेव्हा रस्ते कच्चे होते आणि असले वाहन केवळ धनिकालाच परवडणारे होते. पुढे १९६६ साली आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी या लहानशा गावी विनेबागो कारखान्याने मोटारगृहे साच्यातून काढल्याप्रमाणे एकामागून एक बनविण्यास आरंभ केला, आणि किंमत उतरल्यामुळे ती मध्यमवर्गाच्या अंगणात येऊन उभी राहिली. आज तेथे लाखो कुटुंबांपाशी या ना त्या तऱ्हेचे चाकांवरचे घर आहे. मुलाकडे अमेरिकेस गेलेले बेळगावचे किंवा बडोद्याचे आईवडील यलोस्टोनचे उष्ण झरे पाहावयास निघतात, तेव्हा हौशी चिरंजीव कित्येकदा असेच एखादे लहान मोटारगृह भाड्याने आणतात. म्हणजे हा विषय आपल्या वाचकांनाही सर्वस्वी परका राहिलेला नाही.

परंतु या सुखाच्या दाराशीच एक धोका बसलेला आहे. सर्वांत मोठी मोटारगृहे बसच्या किंवा ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली असतात. त्यांची लांबी पंचेचाळीस फुटांपर्यंत, उंची बारा ते साडेतेरा फूट आणि भरल्यानंतरचे वजन दहा टनांपासून वीस टनांपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक असते. असे वाहन पोटासाठी हाकणाऱ्या ट्रकचालकाला निराळी परीक्षा द्यावी लागते. मोटारगृहाचा मालक मात्र हौसेसाठी हाकतो, म्हणून सव्वीस हजार पौंडांपर्यंतच्या, म्हणजे जवळजवळ बारा टनांच्या घराला तेथील बहुतेक राज्यांत साधा मोटारीचा परवाना पुरतो. त्याहून जड किंवा लांब वाहनासाठी काही राज्ये वेगळा परवाना मागतात, काही तेवढेही मागत नाहीत. परिणाम असा होतो की काल सायंकाळपर्यंत चौदा-पंधरा फुटांची मोटार चालविणारा सदुसष्ट वर्षांचा गृहस्थ आज सकाळी तिच्या तिप्पट लांबीचे वाहन घेऊन भर रहदारीत शिरतो. कायद्याने त्याला शिकावयास लावलेले नाही. तेव्हा शिकणे ही त्याची स्वतःची जबाबदारी होऊन बसते.

काय शिकावयाचे असते, हे समजण्यासाठी आपल्याकडे एस.टी. किंवा कदंबची गाडी चोर्ला घाटातील नागमोडी वळण कशी घेते ते आठवावे. मोटारीत चालक पुढच्या चाकांच्या मागे बसतो. बसमध्ये आणि मोठ्या मोटारगृहात तो त्या चाकांच्या वर किंवा त्यांच्याही पुढे बसलेला असतो. त्यामुळे नवशिक्याचा हात सवयीने फार लवकर वळतो. चालकाचे स्वतःचे शरीर कोपऱ्याच्या पुढे निघून गेले, समोरचा रस्ता जणू आता संपणार असे वाटू लागले, म्हणजे मग स्टिअरिंग फिरवावयाचे असते. मन याला सहजासहजी तयार होत नाही. दुसरी अडचण अशी की मागची चाके पुढच्या चाकांच्या माग धरून येत नाहीत. ती वळणाच्या आतल्या बाजूने, जवळच्या वाटेने येतात. अमेरिकेत रहदारी रस्त्याच्या उजवीकडून चालते, म्हणून तेथे उजवे वळण अरुंद. आपल्याकडे जसे डावे. त्या उजव्या वळणात चालक बेसावध राहिला तर त्याचे मागचे चाक पदपथाची कड चढून जाते किंवा कोपऱ्यावरील खांबाला घासते.

आणि तिसरी गोष्ट शेपटीची. मागच्या चाकांच्याही मागे मोटारगृहाचा दहा-बारा फूट भाग लोंबत असतो. डोके उजवीकडे वळले की ही शेपटी डावीकडे फेकली जाते, आणि पुष्कळदा दोन-तीन फूट बाहेर जाते. पेट्रोलपंपावरून निघताना नवशिक्या चालक समोरची वाट मोकळी पाहून झटकन वळतो आणि मागे शेपटी पंपाशेजारच्या लोखंडी खुंटाला आपटते. चालकाला आवाज ऐकू येतो तेव्हा पत्रा चिरलेला असतो. यावर शिक्षक एक सोपा धडा देतात. रविवारी रिकाम्या असलेल्या एखाद्या मोठ्या मैदानात जावे, जमिनीवरील पांढऱ्या रेषेला लागून गाडी उभी करावी, स्टिअरिंग पूर्ण वळवावे आणि गोगलगायीच्या गतीने पुढे न्यावी. सोबतीने मागे उभे राहून शेपटी रेषेच्या पलीकडे किती गेली ते खडूने टिपावे आणि मोजावे. तो आकडा एकदा पाठ झाला म्हणजे जन्मभर पुरतो. पुस्तकातील दहा पाने वाचून जे कळत नाही ते या एका खडूच्या खुणेने कळते.

सरळ रस्त्यावरही निश्चिंती नसते. तेथील हमरस्त्याची एक पट्टी साधारण बारा फूट रुंद, आणि मोटारगृह आरसे वगळून साडेआठ फूट. म्हणजे दोन्ही अंगांना मिळून साडेतीन फूट जागा उरते. चालक डाव्या कडेला बसलेला. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या भयाने तो नकळत उजवीकडे सरकत जातो आणि उजवी चाके रस्त्याच्या कडेच्या खडीवर उतरतात. यावर उपाय आरशांचा. आरसेही दोन जातींचे असतात: सपाट आरशात अंतर खरे दिसते पण थोडेच दिसते, फुगीर आरशात पुष्कळ दिसते पण सारे आहे त्याहून दूर भासते. दोहोंची भाषा निरनिराळी वाचावयास शिकावे लागते, आणि दर काही क्षणांनी वाचावी लागते. वाऱ्याचे दिवस तर वेगळेच. मोटारगृहाची बाजू म्हणजे एक भिंतच. मोकळ्या माळावर आडवा वारा सुटला किंवा शेजारून मोठा ट्रक वेगाने गेला की ती भिंत शिडासारखी ढकलली जाते. वायोमिंग राज्यातील हमरस्ता वादळी वाऱ्यात उंच आणि हलक्या वाहनांना सरकारी हुकुमाने बंद करतात, यावरून त्या वाऱ्याची कल्पना यावी.

उंचीचे भान हा वेगळाच पाठ. नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅम शहरी एक रेल्वेचा पूल होता, त्याखालची मोकळीक अवघी अकरा फूट आठ इंच. इशाऱ्याचे दिवे, पाट्या, सारे काही असूनही भाड्याचे ट्रक आणि मोटारगृहे तेथे येऊन टपाचा पत्रा सोलून घेत. लोकांनी त्या पुलाला डबा उघडण्याच्या हत्याराचे नाव दिले होते. अखेर २०१९ साली रेल्वेने तो पूल आठ इंच वर उचलला, आणि तरीही तो बारा फूट चार इंचच झाला. टपावरील वातानुकूलनाच्या यंत्रासह आपल्या घराची उंची किती, ती स्वतः मोजून चिठ्ठी चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटवावी, असे जाणती माणसे सांगतात. कारखान्याच्या कागदावर विसंबू नये. टपावर नंतर काय काय बसविले ते त्या कागदाला ठाऊक नसते.

घाटाच्या बाबतीत आपल्या जुन्या ट्रकवाल्यांचे ज्ञान तेथेही जसेच्या तसे लागू पडते. ज्या गिअरमध्ये चढावयाचे त्याच्याहून वरच्या गिअरमध्ये उतरू नये, हा आंबोलीचा आणि खंबाटकीचा नियम रॉकी पर्वतातही खरा ठरतो. कोलोराडोमध्ये १९७३ साली खुला झालेला आयझेनहॉवर बोगदा सुमारे अकरा हजार फूट उंचीवर आहे. त्याच्या पश्चिम तोंडातून बाहेर पडले की शंभर फुटांना सात फूट या प्रमाणात मैलोगणती उतार लागतो. तेथे जो चालक पायाखालचा ब्रेक दाबून धरतो त्याचे ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक हळूहळू धरेनासा होतो. धूर आणि जळका वास येईतो वेळ निघून गेलेली असते. अशा वाहनांसाठी उताराच्या कडेला वाळू-खडीच्या चढत्या वाटा मुद्दाम बांधून ठेवल्या आहेत. सुटलेले वाहन त्यांत घुसवावे आणि रुतवून थांबवावे. शहाणा चालक उतार लागण्यापूर्वीच गती उतरवितो, खालचा गिअर घालतो, इंजिनालाच वाहन रोखावयास लावतो आणि ब्रेक मधूनमधून, थोडा वेळच वापरतो. मागे मोटारींची रांग लागली तर लागू द्यावी, आणि जागा मिळेल तेथे बाजूस होऊन तिला वाट द्यावी. सपाटीवर पुढच्या वाहनाशी अंतर किती ठेवावे, याचाही तेथे हिशेब ठरलेला आहे: वाहनाच्या लांबीच्या दर दहा फुटांस एक सेकंद, आणि गती चाळीस मैलांवर असेल तर आणखी एक. चाळीस फुटी घराला साठ मैलांच्या वेगात पाच सेकंद. मोजून पाहिल्यास हे अंतर आपल्याला वाटते त्याच्या कितीतरी पट भरते.

आता उलटे चालविण्याचा भाग. मुक्कामाच्या जागी मोटारगृह मागे घेऊन झाडांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत बसवावे लागते. एकाने हाकावयाचे, दुसऱ्याने मागे उभे राहून खुणा करावयाच्या. तीस-चाळीस वर्षे सुखाने संसार केलेली जोडपी या दहा मिनिटांत एकमेकांवर खेकसतात आणि शेजारच्या बिऱ्हाडांची सायंकाळची करमणूक होते. वास्तविक नियम थोडेच आहेत. खुणा आधी ठरवून घ्याव्यात. खुणा करणारा आरशातून दिसेनासा झाला की त्या क्षणी थांबावे. आणि शंका आली की खाली उतरून स्वतः पाहावे. वरची फांदी पाहावयाची राहून जाते, म्हणून मान वर करणेही खुणा करणाऱ्याच्याच कामात मोडते.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते. बहुतेक जोडप्यांत मोटारगृह पुरुष चालवितो. पत्नी नकाशा पाहते, चहा करते आणि ‘एवढे धूड मला कधी जमायचे नाही’ असे म्हणून विषय मिटविते. पतीलाही ते मनातून बरे वाटते. परंतु या प्रवाशांचे वय लक्षात घ्यावे. जवळचे रुग्णालय साठ-सत्तर मैलांवर, दूरध्वनीला संकेत नाही, आणि स्टिअरिंगपाशी बसलेल्या माणसाच्या छातीत कळ आली, तर ते चाळीस फुटांचे घर म्हणजे तुरुंगच होतो. म्हणून चांगले शिक्षक एकट्या पतीला शिकवून थांबत नाहीत. पत्नीनेही निदान गाडी सुरू करणे, कडेला घेऊन थांबविणे आणि जवळच्या गावापर्यंत नेणे इतके शिकलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह असतो. मोठ्या मोटारगृहांत हवेच्या दाबावरचे ब्रेक असतात. टाकीत दाब पुरेसा भरेपर्यंत गाडी जागची हलवावयाची नसते, आणि थांबल्यावर पिवळी खुंटी ओढली म्हणजे मागची चाके बांधली जातात. ही पिवळी खुंटी कोठे आहे एवढे तरी प्रत्येक सोबत्याला डोळे मिटून सांगता यावयास हवे. खरे पाहता, शिकलेल्या स्त्रिया पुष्कळदा अधिक सावधपणे हाकतात, कारण आपल्याला हे आधीपासूनच येते असा त्यांचा ग्रह नसतो.

चाकांची गोष्ट थोडक्यात. मोटारीचे टायर झिजून मरतात, मोटारगृहाचे वयाने मरतात. वर्षातील कित्येक महिने ते उन्हात उभे असते. वरून नक्षी नव्यासारखी दिसते आणि आतून रबर विरलेले असते. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. ३२२१ असे असेल तर तो २०२१ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनला, असे समजावे. जुने मोटारगृह विकत घेणाऱ्याने पलंगाच्या गादीपेक्षा हे चार आकडे आधी पाहावेत. टायरमध्ये हवा किती हवी ते वजनावर ठरते, म्हणून पाणी, सामान, माणसे सारी भरून ट्रकांच्या काट्यावर एकदा वजन करून घ्यावे. पुस्तके आणि डबाबंद अन्न यांचे वजन किती होते, हे कळून पुष्कळांना धक्का बसतो.

घर चालविणे हेही एक शिक्षणच असते. पाण्याच्या तीन टाक्या असतात: एक स्वच्छ पाण्याची, एक धुण्याभांड्याच्या सांडपाण्याची आणि एक शौचकूपाची. मुक्कामाच्या जागी सांडपाण्याच्या नळाची सोय आहे म्हणून नवा माणूस तिसऱ्या टाकीची तोटी उघडीच ठेवतो. मग पाणी निघून जाते आणि बाकीचे आत थिजून राहते, आणि पुढे जे करावे लागते त्याचे वर्णन वृत्तपत्रात न केलेलेच बरे. तोटी बंद ठेवावी, टाकी भरत आली म्हणजे ती आधी रिती करावी आणि मागाहून सांडपाण्याची सोडावी, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. शेगडी आणि ऊबयंत्र प्रोपेन वायूवर चालते. बंद घरात शेगडी ऊब घेण्यासाठी पेटवून ठेवणे किंवा विजेच्या यंत्राचा धूर खिडकीतून आत येऊ देणे जिवावर बेतते, कारण कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही आणि वासही नाही. त्याची सूचना देणारे लहानसे यंत्र प्रत्येक मोटारगृहात असते. ते चालू आहे की नाही हे दर महिन्यास पाहणे हा संसाराचाच भाग समजावा.

इतके सारे शिकल्यावर आनंद उरतो कोठे, असा प्रश्न कोणी विचारील. आनंद सावकाशीत असतो, आणि नव्या चालकाला तो उशिरा सापडतो. पहिल्या वर्षी तो रोज पाचशे मैल तोडतो, अंधारात मुक्कामाला पोहोचतो, चुकीच्या जागी गाडी अडकवितो आणि सकाळी पुन्हा निघतो. मुरलेले प्रवासी तिनाचा पाढा सांगतात: दिवसाला तीनशे मैलांहून अधिक जाऊ नये, तिसऱ्या प्रहरी तीनच्या सुमारास मुक्काम गाठावा आणि एका जागी तीन रात्री तरी राहावे. तीन वाजता पोहोचलेल्या माणसाला उजेडात गाडी लावता येते, शेजाऱ्याशी चार शब्द बोलता येतात, आणि दारापुढे खुर्ची टाकून समोरच्या डोंगरावरचे ऊन उतरताना पाहता येते. पैशाच्या दृष्टीनेही हे परवडते, कारण मोठे मोटारगृह गॅलनला सहा ते दहा मैलांच्या पलीकडे सहसा जात नाही.

सगळ्या जागा मात्र या वाहनाला मिळत नाहीत. तेथील राष्ट्रीय उद्यानांतील पुष्कळशा जुन्या मुक्कामाच्या जागा १९३० नंतरच्या काळात आखल्या गेल्या. एमिलिओ माइनेके नावाच्या वनस्पतिरोगतज्ज्ञाने पाहिले की मोटारी वाटेल तशा फिरून झाडांची मुळे तुडवितात आणि झाडे वठतात. म्हणून त्याने एकेरी गोल वाटा आणि मोटारीपुरत्याच आखूड जागा बांधण्याची पद्धत सुचविली. झाडे वाचली, परंतु त्या जागा तेव्हाच्या मोटारींच्या मापाच्या होत्या. ग्लेशियर उद्यानातील सूर्याकडे जाणारा म्हणून प्रसिद्ध असलेला घाटरस्ता आजही त्याच्या मधल्या भागात एकवीस फुटांपेक्षा लांब वाहनाला बंद आहे. चाळीस फुटांचा मालक तेथे आपले घर पायथ्याशी ठेवतो आणि मागे जोडून आणलेल्या लहान मोटारीने किंवा उद्यानाच्या बसने वर जातो. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. जे मोटारगृह सर्वत्र नेण्याचा हट्ट धरतात त्यांची सुटी भांडणात जाते. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा फिरत्या घरांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले. कोकणातील गल्ल्या आणि घाटातील वळणे पाहता येथे लहान मापाचीच घरे शोभतील, हे सांगावयास तज्ज्ञ नको.

हिवाळ्यात उत्तरेकडील ही घरे पाखरांप्रमाणे दक्षिणेस उतरतात. ॲरिझोनातील क्वार्टझसाइट हे उन्हाळ्यात ओस पडणारे वाळवंटी गाव. परंतु सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तेथील सरकारी माळावर थोड्या शुल्कात दीर्घ मुक्कामाला परवानगी असते, आणि माळ पांढऱ्या टपांनी भरून जातो. नळ नाही, वीज नाही. छपरावरच्या सौर पट्ट्यांवर दिवा लागतो आणि अंघोळीचे पाणी तांब्यातांब्याने मोजले जाते. सुतार, दाई, मास्तर, ट्रकवाला असे नाना धंद्यांतून निवृत्त झालेले लोक एका शेकोटीभोवती बसतात. कोणी उन्हाळ्यात एखाद्या उद्यानात मुक्कामाची जागा फुकट मिळते म्हणून तेथील यजमानाचे काम पत्करतो: आल्यागेल्याला जागा दाखवावयाची, विझत्या शेकोट्यांवर लक्ष ठेवावयाचे.

टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन या गावी १९७८ साली स्थापन झालेल्या ‘एस्केपीज’ या मोटारगृहवाल्यांच्या मंडळाचे ठाणे आहे. नवशिक्या जोडप्यांसाठी हे मंडळ शिकवणीचे वर्ग भरविते. त्याच आवारात दुसरीही एक सोय आहे. जे सभासद वयोमानाने किंवा आजाराने आता गाडी हाकू शकत नाहीत, परंतु ज्यांना आपले चाकांवरचे घर सोडवत नाही, त्यांनी ते तेथे आणून उभे करावे आणि त्यातच राहावे. जेवण सामुदायिक भोजनगृहात मिळते, वैद्याकडे नेण्या-आणण्यास गाडी असते. या कामासाठी अजून हाकू शकणारी जोडपी आपापली मोटारगृहे घेऊन पाळीपाळीने येतात, काही आठवडे शेजारी मुक्काम करून सेवा करतात आणि पुढच्या वाटेला लागतात.